दोन पेशी की चार

डेन्झिल अँग्विनने पाकीट उघडलं
आणि टेबलावर एवढंसं पडलं:
शर्टाच्या बटणाएवढं, काळपट हिरवं,
टोकांना पांढरे केस.
पेन्डीनच्या खाली, बंद पडलेल्या कथिलाच्या खाणीजवळ,
समुद्राकडे तोंड केलेल्या ग्रॅनाइटवरून
गुरुवारी खरवडून आणलेलं.
गुरुवारी पाऊस होता, म्हणाला. ओल्यात काही कळत नाही.

आमच्याकडे याला धड नावसुद्धा नाही.
ज्यावरून पाय घसरतो ते सगळं शेवाळं;
विहिरीच्या पायरीवरचं, टाकीतलं, न्हाणीतलं,
एकच शब्द, आणि त्याच्यामागून ‘जपून’.
हा माणूस एका टेकाडावरची तीस नावं सांगतो
नात्यातल्यांची सांगावीत तशी,
कोण कुणाचं, कोणाला कोणाशेजारी सोसत नाही.

दोघांपैकी एक इथलंच, दुर्मिळ.
दुसरं दक्षिण गोलार्धातून आलेलं,
आणि आता प्रत्येक जळक्या माळावर, छपरावर, कबरीच्या कडेला.
वाळलं की आलेल्याचे केस काटकोनात मोडतात,
वरून पाहिलं तर चांदणी.
इथलं आपले केस सरळ ठेवतं, बहुतेक.
तो ‘बहुतेक’ म्हणाला तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

तीस वर्षं मी ट्रूरोच्या इस्पितळात
माणसांचे छेद घेतले.
मेणात बसवलेले तुकडे, नाव नाही, फक्त नंबर;
काय ते वरचे डॉक्टर कळवायचे.
म्हणूनच त्याने फोन केला होता.
त्याचा उजवा हात आता बशीत चहा सांडतो.
मी तिकडे पाहिलं नाही. त्यानेही ब्लेड माझ्याकडे सरकवताना
खिडकीबाहेर पाहिलं.

एल्डरच्या काडीतला भेंड उभा चिरला,
मधे एक पान ठेवलं, पापणीच्या केसाएवढं,
आणि चकत्या: पहिली जाड, दुसरी तिरकी,
तिसरी माझ्याच श्वासाने उडाली.
चौथी श्वास धरून.

थेंब. काच. भिंग फिरून बसल्याचा टक.
पोटाच्या बाजूला मोठ्या रिकाम्या पेशी,
बिनपडद्याच्या खिडक्या.
पाठीवर दात, फणीचे असतात तसे.
दात किती पेशी उंच, एवढाच प्रश्न.
दोन, तर ते आलेलं. तीन, चार, तर इथलं.

मी मोजलं. दोन.
शेजारचा: दोन, आणि वर काहीतरी, भिंत की बुडबुडा.
पाव फेरा. बुडबुडा.
तो मागे उभा होता. मी काही बोलले नाही.
एका छेदावरून बातमी देत नाहीत.

दुसरं पान, दुसऱ्या काडीवरचं.
तीन. तीन. काही दिसत नाही.
मग चार, एकावर एक,
उतरंडीतल्या मडक्यांसारख्या, खालची रुंद, वरची निमुळती,
आणि वरच्या मडक्यावर काहीच झाकण नाही.

मी उठले. तो बसला, चष्मा कपाळावर ढकलून.
इतका वेळ बसला की बाहेर
शेजाऱ्याची गाडी आली, कुत्रं भुंकून थांबलं.
“पण पहिलं?”
पहिलं दोनच.
“म्हणजे एकाच बटणात दोघं.”
हसला असावा. मला पाठ दिसत होती.

जुन्या बिलाच्या कागदाची दोन पाकिटं घडी केली.
काडी काडी सोडवताना पाऊण तास गेला,
मुळांशी गुंतलेलं, म्हणजे मुळंही नव्हेत ती,
मुळांचं काम करणारे तपकिरी धागे.
दोन काड्या सुटल्याच नाहीत.
त्या मी कुठल्या पाकिटात टाकल्या ते त्याने विचारलं नाही.

तारीख, जागा, खडक, शोधणारा: डी. अँग्विन.
ओळख पटवणारी, या ओळीवर त्याने
डाव्या हाताने हात धरून माझं नाव लिहिलं.
आठल्येमधला एक एच राहिला होता.
तो चहा ठेवायला आत गेला तेव्हा
मी पेन्सिलीने घातला,
दोन्ही पाकिटांवर.